पाणी कुठवर येतं?

खुंटी ठोकायला दगड हातात घेतला होता, तेवढ्यात वरच्या बांधावरून हाक आली. "ओ भाऊ, तठे नका. पानी येस तठे."

कार्तिकातली संध्याकाळ होती. सारंगखेड्याच्या अलीकडचा तापीचा काठ. पाणी आमच्यापासून चांगलं पन्नास पावलं लांब, जराही न हलता पडलेलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पाणी येणार तरी कुठून? हाक मारणारे आजोबा काठी टेकत खाली उतरले आणि काही न बोलता त्यांनी काठीचं टोक शेजारच्या बाभळीच्या बुंध्याला लावलं. माझ्या कमरेच्या उंचीवर वाळलेल्या गाळाचा पट्टा होता. त्याच्या वर, फांद्यांच्या बेचक्यांत काडीकचरा अडकलेला, कुणाच्या तरी साडीचा तुकडा, खताच्या गोणीची एक चिंधी. मग त्यांनी समजावून सांगितलं. पावसाळा सरला की बॅरेजची दारं टाकतात. दारं टाकली की नदी मागे फुगत येते. ढग लागत नाहीत, गडगडाट लागत नाही. रात्रीतून पाणी येऊन उभं राहतं.

आम्ही खुंट्या उपसल्या आणि त्यांच्या केळीच्या बागेच्या कडेला, उंचवट्यावर तंबू लावला. पाणी त्या रात्री चढलं नाही. पण त्या बाभळीवरचा पट्टा माझ्या मनातून गेला नाही. त्यानंतर नंदुरबार जिल्ह्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि अकरावीतली मुलगी, चार हिवाळे पाण्याकाठच्या जागा शोधत हिंडलो. जागा दिसली की तंबूला हात लावायच्या आधी जवळच्या घरी जायचं आणि विचारायचं: पाणी कुठवर येतं?

हा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आत, त्यातले शंभरात जवळजवळ सत्तर आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. मधून तापी, उत्तरेच्या सीमेवर नर्मदा आणि दोघींच्या मध्ये सातपुडा. तापीच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, पपई, केळी, ऊस. नंदुरबार शहराबाहेर हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या पडतात. एकरच्या एकर लाल रान, आणि ठसका लागल्याशिवाय तिथून पुढे जाता येत नाही. अशा ठिकाणी कुणी मुद्दाम तंबू घेऊन येत नाही. नाशिक-पुण्याकडच्या माणसाला नंदुरबार म्हटलं की कुपोषणाची बातमी आठवते, फार तर सारंगखेड्याचा घोडेबाजार. आम्हाला ही शांतता हवी होती. त्याआधीची एक रात्र आम्ही पवना धरणाच्या काठी एका तंबूंच्या रांगेत काढली होती. दीड हाताच्या अंतरावर तंबू, प्रत्येकाचा वेगळा स्पीकर, आणि पहाटे पाण्यावर तरंगणाऱ्या थाळ्या. मुलगी म्हणाली होती, बाबा, इथं तळं आहे हे रात्रभर कळलंच नाही.

तापीबद्दल फार लिहीत नाही. नदी सुंदर आहे, प्रकाशाला गोमाईचा संगम आहे, लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. पण सारंगखेडा आणि प्रकाशा या दोन बॅरेजेसमुळे तिची पातळी माणसाच्या हातात गेली आहे, आणि वर जळगाव जिल्ह्यात हतनूरची दारं उघडली की इथल्या काठच्या गावांना सावधगिरीचे इशारे येतात. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. अलीकडच्या वर्षांत चेतक महोत्सवाच्या नावानं तिथं तंबूंचं गावही वसलं. ज्याला माणसांची आणि घोड्यांची गर्दी आवडते त्यानं तेव्हा जावं. नंदुरबारजवळ शिवण नदीवरचं विरचक धरणही शांत आहे, पण ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे. तिथं चूल मांडायला आणि भांडी विसळायला मन धजलं नाही.

तोरणमाळला मात्र आम्ही तीनदा गेलो.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, मग काळापाणी आणि सातपायरीचा घाट. वर पोचलं की जवळपास साडेअकराशे मीटर उंचीवर अचानक सपाटी लागते आणि त्या सपाटीच्या मधोमध यशवंत तलाव. तोरण नावाच्या काटेरी झुडपांवरून गावाला नाव पडलं असं सांगतात. गोरक्षनाथाचं मंदिर आहे, महाशिवरात्रीला सातपुड्याच्या कानाकोपऱ्यातून आणि मध्य प्रदेशातूनही लोक चालत येतात. जवळच सीताखाईची दरी तुटलेली आहे. पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे, त्यामुळे तंबूचा हट्ट नसेल त्याची सोय होते. हट्ट असेल तर मात्र तळ्याला एक फेरी पायी मारावी, आणि ती दुपारी मारावी, जेव्हा सगळं दिसतं.

पहिल्या वर्षी आम्ही अंधार पडताना पोचलो आणि जी जागा सपाट, मऊ आणि पाण्याला लागून दिसली तिथंच उतरलो. तीन चुका एकदम झाल्या. पहिली थंडीची. तोरणमाळची सपाटी बशीसारखी आहे, तळं तिच्या तळाशी. रात्री गार हवा जड होऊन खाली सरकते आणि पाण्याकाठी साचते. इथं आणि पलीकडे डाबला कडाक्याच्या हिवाळ्यात दंव गोठल्याच्या बातम्या येतात, त्या खोट्या नाहीत. पहाटे तंबूच्या कापडावरचं पाणी बोटानं खरवडावं लागलं. तीस-चाळीस पावलं चढावर गेलो असतो तर निभावलं असतं. दुसरी चूक वाटेची. सकाळी सहाला म्हशी आल्या आणि थबकून उभ्या राहिल्या, कारण आमचा तंबू त्यांच्या पाण्याच्या वाटेवर होता. जनावर बाजूनं जात नाही, त्याला त्याचीच वाट लागते. मागून आलेल्या पोराला गुरं फिरवून न्यावी लागली. तो एक शब्द वाकडा बोलला नाही, त्यामुळे जास्त लाज वाटली.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. ज्याला मी मोकळं गवताळ रान समजलो होतो ते एका कुटुंबाचं चाऱ्याचं रान होतं. मैदानातल्या माणसाला गाव म्हणजे एकमेकांना चिकटलेली घरं, मधे पार, आणि त्याबाहेर शेत, अशी सवय असते. सातपुड्यात तसं नाही. इथं प्रत्येक घर आपापल्या शेतात उभं असतं, एका टेकाडावर एक, ओढ्यापलीकडे दुसरं. पाडा म्हणजे मैल-दोन मैल पसरलेली वस्ती. त्यामुळे रस्त्यावरून जे रिकामं दिसतं ते कुणाचं तरी अंगण असतं, नाहीतर बर्टी-मोरासारखं बारीक धान्य काढून झाल्यावर गुरांना मोकळं सोडलेलं शेत असतं. मोहाच्या झाडालासुद्धा धनी असतो. चैत्रात फुलं पडायच्या आधी त्याखालची जमीन घरची माणसं झाडून लख्ख करतात. तिथं शेकोटी पेटवली तर आपण एका घराचं वर्षाचं उत्पन्न भाजतो. हे सगळं आम्हाला त्या रानाच्या मालकिणीनं सांगितलं. मावशी म्हणून हाक मारली तेव्हा त्या हसल्या. डोक्यावरचा भारा उतरवून त्यांनीच आम्हाला वरची, घराच्या मागची पडीक जागा दाखवली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला आम्ही त्याच जागी राहिलो. तळं तिथून हातावर घेतल्यासारखं दिसतं.

उत्तरेला नर्मदेचं पाणी आहे. नकाशावर ते जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं तळं. धडगावहून बिलगावच्या बाजूनं खाली उतरत गेलं की वळणावळणावर ते दिसतं, डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं निळं पाणी. परदेशातल्या चित्रात असावं असं. आणि ते पाहताना मला बोलवेना, कारण हे पाणी कशावर उभं आहे ते माहीत होतं. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली अक्कलकुवा-अक्राणीची तेहतीस गावं आली. मणिबेली पहिलं. १९९३ च्या मार्चमध्ये जागतिक बँक या प्रकल्पातून बाहेर पडली, पण भिंत थांबली नाही. आज धरणाची उंची १३८.६८ मीटर आहे आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली आहे. नवं गुजरातेत गोऱ्याला बांधलं. बिलगावच्या लोकांनी २००३ साली धबधब्याच्या पाण्यावर स्वतःची छोटी वीजनिर्मिती उभी केली, गावात दिवे लावले. २००६ च्या पाण्यात ती गेली. तळोद्याकडे वनजमीन मोकळी करून वसाहती झाल्या. कित्येक घरं मात्र वर सरकून डोंगरातच राहिली, आणि आता त्यांचा दवाखानाही पाण्यावरून येतो. तरंगता दवाखाना. पलीकडे, याच धरणाच्या अंगाला, गुजरातेत केवडियाला १८२ मीटरचा पुतळा आहे आणि तळ्याकाठी वातानुकूलित तंबूंचं नगर आहे. एका पाण्याच्या दोन काठांवर इतकं अंतर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तंबूच्या दृष्टीनंही हा काठ कठीण आहे. सरोवराची पातळी वर्षभरात कित्येक मीटर खालीवर होते, आणि पाणी उतरल्यावर मागे जो गाळ राहतो तो वरून वाळलेला, आतून दलदलीसारखा. गुरं त्यात रुतून मरतात. पाण्यात मगरी आहेत. किनारा उभ्या उताराचा. आणि जिथं चार हात सपाटी मिळते तिथं कुणाचं तरी घर किंवा उरलेलं शेत असतंच.

पण या काठावर मुक्काम कसा मागायचा याची फार जुनी रीत आहे, आणि ती मराठी वाचकाला ठाऊक आहे. नर्मदा परिक्रमेवर जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'पासून किती पुस्तकं निघाली! त्या सगळ्यांत शूलपाणीची झाडी येते. परिक्रमावासी इथं लुटला जायचा, अंगावरच्या लंगोटीनिशी पुढे जायचा, हे आपण वाचत आलो. आता परिक्रमावासी बिलगाव, धडगाव, काठी, मोलगी असे पाडे पार करत जातात आणि रात्री त्याच लोकांच्या ओसरीवर आसन लावतात. परिक्रमावासी जागा निवडत नाही. तो दारात उभा राहतो, 'नर्मदे हर' म्हणतो, आणि घरातलं माणूस बोटानं दाखवेल तिथं टेकतो. आम्ही परिक्रमेला निघालेलो नव्हतो, पण त्या रात्री तंबू गाडीतून काढलाच नाही. एका ओसरीवर झोपलो. घरच्या बाबांनी पाण्याकडे हात करून आपलं जुनं शेत दाखवलं. नेमकं कुठं ते मला अंधारात कळलं नाही, त्यांना मात्र बांधन् बांध दिसत होता.

दिवाळीच्या दिवसांत तळोद्याकडून अस्तंब्याची वाट माणसांनी भरलेली असते. धनत्रयोदशीला अश्वत्थाम्याची यात्रा निघते. हजारो माणसं त्या शिखराची वाट धरतात, रात्री उघड्यावर, दगडावर, चादर पांघरून पडतात. कुणाकडे तंबू नसतो. उघड्यावर झोपणं या डोंगराला नवं नाही. नवे आहोत ते आपण.

शेवटी आमची जागा आम्हाला नवापुरात मिळाली.

नवापूरचं स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर मध्ये रेघ ओढलेली, माणसं हौसेनं दोन राज्यांत बसून फोटो काढतात. पाण्याचंही इथं तसंच आहे. उकाईचं धरण गुजरातेत, तापीवर. त्याचं मागचं पाणी नवापूर तालुक्यात शिरलेलं. महाराष्ट्रात 'बहात्तर' म्हटलं की दुष्काळ आठवतो, सुकडी आठवते, खडी फोडणारी माणसं आठवतात. त्याच १९७२ साली उकाईचं धरण पुरं झालं. सगळा मुलूख पाण्यासाठी तडफडत होता ते दिवस या काठच्या म्हाताऱ्यांना पाणी दारात आलं म्हणून आठवतात.

भात कापून झालं होतं, तूर शेंगांवर आली होती. इथल्या तुरीच्या डाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि ते का मिळालं हे रात्री जेवताना कळलं. रस्ता सोडून आत गेलं की सागाच्या विरळ रानातून उतार लागतो आणि खाली पाणी पसरलेलं दिसतं. उथळ, रुंद, कडेला झाडांचे काळे बुंधे वर आलेले. चक्रवाकांची जोडी. एक होडकं, जाळी वाळत घातलेली. पाण्यालगत हिरवळीसारखा मऊ, सपाट पट्टा, तंबूसाठीच केल्यासारखा. मुलगी पळतच निघाली होती. बायकोनं तिला हाक मारून थांबवलं आणि आम्ही आधी घर शोधलं.

बरं झालं. तो पट्टा म्हणजे गाळपेर. धरणाचं पाणी दिवाळीनंतर हळूहळू उतरायला लागतं, आणि जी जमीन उघडी पडते तिच्यात ओल आणि गाळ दोन्ही असतात. नांगर लागत नाही, खत लागत नाही. पाणी मागे सरकेल तसतसा माणूस पुढे सरकत पेरतो. आधी हरभरा-गहू, नंतर काकडी-टरबूज. कागदोपत्री ही जमीन पाटबंधारे खात्याची. खातं ती तात्पुरत्या भाडेपट्ट्यानं देतं आणि त्यात धरणग्रस्तांना अग्रक्रम असतो. ज्याचं शेत बुडालं त्याला त्याच शेताची पाण्यातून वर आलेली कड वर्षातले काही महिने परत मिळते. आम्हाला जी कोरी हिरवळ वाटली तिच्यात दोन दिवसांपूर्वी टोकलेला हरभरा होता. तंबूचा तळ, सहा पाय, एक शेकोटी. किती रोपं गेली असती याचा हिशेब मी नंतर मनाशी केला आणि सोडून दिला.

घरच्या बाबांनी विचारलं, खळ्यावर झोपता का?

त्या खळ्याची मी आजवर पाहिलेल्या सगळ्या जागांशी तुलना केली आहे. उंचावर, म्हणजे गार हवा खाली निघून जाते. शेणानं सारवून कडक केलेली जमीन, म्हणजे ओल नाही. भोवती गवत नाही, म्हणजे साप-विंचू आला तर दिसतो. रात्रीच्या मण्यारीची भीती या भागात खरी आहे, जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते आणि पुष्कळदा त्याला कळतही नाही. डोक्यावर वाळकी फांदी नाही. उसाचं रान जवळ नाही. तळोदा-शहाद्याच्या उसात बिबट्या असतो, तिथं शेताच्या कडेला तंबू लावणं मी कुणालाच सुचवणार नाही. घर हाकेच्या अंतरावर. आणि पाणी? अडीचशे पावलं खाली, सगळंच्या सगळं समोर. पाण्याजवळ राहायचं म्हणजे पाण्याला टेकून राहायचं, असं आपण धरून चालतो. तळं बघायला थोडं लांब आणि थोडं उंच बसावं लागतं.

जेवायला तांदळाची भाकरी, तुरीची डाळ, लाल मिरचीचा ठेचा. चुलीला तुराट्या. पैशाचं विचारलं तर बाबा गोंधळले, घरातल्या सुनेनं मात्र नीट विचार करून एक रक्कम सांगितली आणि ती योग्य होती. मला ते फार आवडलं. पाहुणचार फुकट असावा असं शहरातल्या माणसाला वाटतं, ते सोयीचं म्हणून वाटतं.

यातून एक मोठी गोष्ट निघते. पवनेच्या काठी जे झालं ते इथं होऊ शकेल का? नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण आणि उरलेल्या दोघांचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परस्पर देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यापुढे शासनाची. शिवाय पेसा कायदा आहे, ग्रामसभा आहे. म्हणजे बाहेरून कुणी येऊन काठ घेईल, कुंपण घालील आणि दीडशे तंबू ठोकील हे सहज होणार नाही, आणि होऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण घरच्या खळ्यावर घरच्या माणसानं चार तंबू लावले तर? राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं. ती नवापूरच्या गाळपेरवाल्यापर्यंत पोचवायची असतील तर त्याच्या बोलीत कुणीतरी ती सांगायला हवीत. धरणानं ज्याची जमीन घेतली त्यालाच त्या पाण्याच्या काठी पहिला पाहुणा घ्यायचा हक्क असावा, गाळपेरीसारखाच. ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

झोपायच्या आधी मुलगी बॅटरी घेऊन बाबांबरोबर खाली गेली. पाण्याच्या कडेला बाबांनी एक तुराटी रोवली होती. त्यांचा रोजचा नेम. सकाळी उठून आम्ही चौघं खाली उतरलो. धुकं पाण्यावरून हलत होतं. काल पाण्याला टेकलेली तुराटी आता कोरड्यात उभी होती, पाणी तिच्यापासून हातभर मागे गेलेलं. बाबांनी खांद्यावरची पिशवी सोडली, त्या हातभर ओल्या पट्ट्यात बोटानं भोकं पाडत हरभरा टोकायला लागले. मुलगी त्यांच्या मागून दाणे झाकत गेली. ओळ संपली तेव्हा बाबांनी तुराटी उपटून तिच्या हातात दिली, आणि तिनं ती नव्या पाण्याच्या कडेला रोवली.